स्ट्रोकनंतर व्यायाम कधी, किती आणि कसा? 'फक्त आराम' आणि 'लावा जोर' यांच्या मधलं गणित

नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस कारगिलच्या थंडीत 'एलएसी : लिव्ह द बॅटल' या सिनेमाचं शूटिंग सुरू होतं. 'आशिकी'मुळे घराघरात पोहोचलेले अभिनेते राहुल रॉय यांना तिथंच ब्रेन स्ट्रोक आला. आधी श्रीनगर, मग मुंबईचं नानावटी रुग्णालय आणि पुढचे उपचार मीरा रोडच्या वोक्हार्ट रुग्णालयात. शब्द डोक्यात असतात पण तोंडातून नीट बाहेर पडत नाहीत, त्याला वाचाघात म्हणतात. तोही त्रास त्यांना झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये त्यांना घरी सोडलं आणि बातम्या हळूहळू थांबल्या.

घरच्यांची खरी परीक्षा मात्र डिस्चार्जच्या कागदावर सही झाल्यावर सुरू होते. वोक्हार्टपासून काही किलोमीटरवर भाईंदर पूर्वेचं इंद्रलोक आहे. वन बीएचके, टू बीएचके, बाहेर अरुंद पॅसेज, पॅसेजमध्ये चपलांचं कपाट आणि कुणाची तरी सायकल. अशा घरात स्ट्रोकचा पेशंट परत येतो तेव्हा फाइलमध्ये गोळ्यांची यादी वेळेसकट लिहिलेली असते. व्यायामाबद्दल बऱ्याचदा एकच ओळ असते : फिजिओथेरपी सुरू ठेवा.

कुठली? किती? कोण करून घेणार? हे विचारायच्या आत सल्ले सुरू होतात. शेजारचे काका म्हणतात, "आता सहा महिने हलवूच नका." गावाहून आत्याचा फोन येतो, "रोज जोर लावून चालवा, नाहीतर पाय कायमचा गेला समजा."

दोघंही मायेपोटीच बोलत असतात. पण दोन्ही सल्ल्यांनी नुकसान होऊ शकतं, आणि हे तपासून पाहिलेलं आहे.

आधी मेंदूत झालं काय, ते बघू

मराठीत स्ट्रोकला 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणायची जुनी पद्धत आहे. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीमुळे बंद पडते किंवा फुटते. बहुतेक स्ट्रोक पहिल्या प्रकारचे असतात. रक्त थांबलं की पुढच्या पेशी मरायला लागतात. मोठी वाहिनी बंद असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात असा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते याच कारणासाठी.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. बहुतेक लोकांमध्ये भाषेचं कामही डाव्या भागाकडे असतं. त्यामुळे उजवा हात गेला की अनेकदा बोलणंही जातं.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. हात आणि पाय बिघडलेले नसतात. त्यांना आदेश देणारी जागा बिघडलेली असते. म्हणून नुसतं तेल चोळून हात परत येत नाही. मालिशने बरं वाटतं, आखडलेपणा थोडा सैल होतो, तेवढं ठीक. पण 'अंगावर कबुतराचं रक्त लावा' हा सल्ला आजही फिरत असतो. त्याचा मेंदूला काडीचा उपयोग नाही, आणि त्या नादात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

हे दुखणं दुर्मीळही नाही. २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतल्या एका वॉर्डात स्ट्रोकच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे १४५ जणांना पहिल्यांदाच स्ट्रोक आल्याचं त्यात दिसलं, आणि त्यातले सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांच्या वर होती. तोच दर इथं लावला तर या एका शहरात वर्षाला हजाराहून जास्त नवे रुग्ण होतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण वाचलेल्यांपैकी किती जणांना नंतर नीट व्यायाम मिळत असेल, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

गेलेला हात परत येतो तरी कसा?

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मग सुधारणा कुठून येते?

थोडी आपोआप येते. स्ट्रोकनंतर मेंदूच्या त्या भागाला सूज असते. ती उतरली की काही पेशी, ज्या फक्त गप्प झाल्या होत्या, त्या पुन्हा कामाला लागतात. पहिल्या काही दिवसांत पेशंट अचानक बराच सुधारलेला दिसतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

उरलेली सुधारणा मेंदू नवे मार्ग काढून करतो. गोल्डन नेस्ट सर्कलला गाडी अडकली की रिक्षावाला आतल्या गल्लीत वळतो, तसंच काहीसं. पहिल्यांदा ती गल्ली अनोळखी असते, वेळ लागतो, चुकायला होतं. रोज तिथूनच गेलं की तोच नेहमीचा रस्ता होतो. मेंदूतला असा रस्ता एकाच गोष्टीने पक्का होतो : तीच हालचाल, स्वतःच्या प्रयत्नाने, शेकडो वेळा. दुसऱ्याने हात धरून वर-खाली केला तर सांधा मोकळा राहतो, आणि तेही गरजेचं आहे. पण रस्ता तयार होण्यासाठी पेशंटने स्वतः प्रयत्न करावा लागतो, मग हात दोन इंचच का उचलेना.

ही क्षमता पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असते. त्यामुळे 'सहा महिने हलवू नका' म्हणजे सगळ्यात मोलाचा काळ वाया घालवणं. शिवाय पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या, बेडसोर, न्यूमोनिया, आखडलेले सांधे हे सगळं मागोमाग येतं.

मग लगेच उभं करायचं का?

डॉक्टरांनाही बराच काळ असंच वाटत होतं. जितक्या लवकर उठवू आणि जितकं जास्त चालवू, तितकं चांगलं. हे पडताळून पाहायला 'अॅव्हर्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. पाच देश, ५६ रुग्णालयं, २,१०४ रुग्ण. निम्म्या रुग्णांना स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत उठवायला सुरुवात केली आणि दिवसातून जास्त वेळा, जास्त वेळ व्यायाम दिला. उरलेल्यांना नेहमीची काळजी.

२०१५ मध्ये निकाल आले तेव्हा अनेकांना धक्का बसला. तीन महिन्यांनी, ज्यांना नेहमीची काळजी मिळाली त्यांच्यातले ५० टक्के चांगल्या अवस्थेत होते. ज्यांना घाईने आणि जोरात उठवलं त्यांच्यातले ४६ टक्के. म्हणजे पहिल्या २४ तासांतल्या अतिउत्साहाने फायदा तर झाला नाहीच, थोडं नुकसानच झालं.

याच आकडेवारीचा पुढे आणखी बारकाईने अभ्यास झाला, आणि घरच्यांसाठी खरा कामाचा मुद्दा त्यातून आला. एका बैठकीत जास्त वेळ व्यायाम करण्यापेक्षा थोडा थोडा, पण दिवसातून अनेकदा केलेला व्यायाम चांगल्या परिणामांशी जोडलेला दिसला.

त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत किती उठायचं हे डॉक्टरच ठरवतील. रक्तस्राव झालेला स्ट्रोक असेल तर त्यांचा निर्णय आणखी सावध असेल. एकदा तब्येत स्थिर झाली की दिवसातून एकदा अर्धा-पाऊण तास दमवण्यापेक्षा सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा छोट्या बैठका बऱ्या. फिजिओथेरपिस्ट येऊन गेले म्हणजे आजचा व्यायाम संपला, हा घरोघरी दिसणारा समज इथंच चुकतो.

घरचे लोक फिजिओथेरपिस्ट होऊ शकतात का?

भारतासाठी हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. फिजिओथेरपिस्ट कमी, खर्च जास्त, पण माणसं घरात असतात. मग घरच्यांनाच शिकवलं तर?

'अटेंड' नावाच्या अभ्यासात नेमकं हेच करून पाहिलं. देशातली १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. एका गटातल्या कुटुंबीयांना रुग्णालयातच व्यायामाचं प्रशिक्षण देऊन ते घरी सुरू ठेवायला सांगितलं. २०१७ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण सारखंच होतं, ४७ टक्के.

हा निकाल नीट वाचायला हवा. घरच्यांची मदत निरुपयोगी आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन सगळी जबाबदारी कुटुंबावर टाकली तर ती तज्ज्ञांच्या देखरेखीची जागा घेऊ शकत नाही, एवढं दिसतं. नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या शाळा सांभाळून सून किंवा मुलगा रोज दोन तास व्यायाम करून घेईल, ही अपेक्षाच मुळात जड आहे. अशा वेळी आठवड्यातून एक-दोनदा तरी फिजिओथेरपिस्टने पाहावं, व्यायाम बदलून द्यावा, आणि मधल्या दिवसांत घरच्यांनी तो करून घ्यावा, हा मधला रस्ता जास्त झेपणारा आहे.

घरच्यांना एक काम मात्र पक्कं जमतं. चुका टाळणं.

सगळ्यात मोठी चूक खांद्याची. पेशंटला पलंगावरून उठवताना कमजोर हात धरून ओढला जातो. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटू शकतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. दुखरा खांदा म्हणजे व्यायाम बंद. उठवताना कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहावं आणि कमरेला आधार द्यावा. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरला तर आणखी सोपं. बसल्यावर कमजोर हात लोंबकळू न देता मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवावा.

काही घरांत छताला कप्पी लावून दोरीने हात वर ओढायचा व्यायाम हौसेने सुरू होतो. स्ट्रोकनंतरच्या कमजोर खांद्यासाठी हा व्यायाम टाळायलाच सांगितला जातो. तसाच रबरी बॉलचा प्रकार. येणारा प्रत्येक पाहुणा 'बॉल दाबत राहा' म्हणतो. पण अनेक पेशंटची बोटं आधीच मुठीत आवळली जात असतात. बॉल दाबून आवळण्याचाच सराव होतो, आणि कमी पडत असतं ते बोटं उघडणं. पेला पकडून सोडणं, टेबलावरची चिंधी पुढे ढकलणं, वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत टाकणं, यांतून जास्त मिळतं. आणि हे फुकट आहे.

मशीनवर चालवलं तर लवकर चालता येईल?

पट्ट्यांनी अंग वर लटकवून ट्रेडमिलवर चालवण्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर खूप फिरतात. बघून कुणालाही वाटेल की आपल्या बाबांना हे मिळालं नाही म्हणूनच ते मागे राहिले.

२०११ मध्ये 'लीप्स' या अमेरिकेतल्या अभ्यासात ४०८ रुग्णांवर याची तुलना झाली. काहींना स्ट्रोकनंतर दोन महिन्यांनी असं ट्रेडमिल, काहींना सहा महिन्यांनी, आणि काहींना घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. प्रत्येकाला दीड-दीड तासाची ३६ सत्रं. वर्षाअखेरीस ५२ टक्के लोकांची चाल एक पायरी वर सरकली होती, आणि तिन्ही गटांत फरक नव्हता.

यातून दोन दिलासे मिळतात. महागडी मशीन नसली तरी अडत नाही. आणि सहा महिन्यांनी सुरुवात केलेलेही वर्षाअखेरीस मागे राहिले नाहीत.

तिसरी गोष्ट दिलाशाची नाही. त्या वर्षभरात निम्म्याहून जास्त लोक एकदा तरी पडले. त्यामुळे चालण्याआधी घर आवरा. सरकणारी पायपुसणी उचला, बाथरूममध्ये भिंतीला पकडायला दांडा लावा, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवा. सैल हवाई चपलेऐवजी मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट. पायाचा पंजा लोंबत असेल तर तो उचलून धरणारा स्प्लिंट मिळतो. तो मापाने बनवून घ्यावा, दुकानातून अंदाजाने आणू नये.

पायरी पायरीने : खुर्ची, पॅसेज, जिना

सगळ्यात उपयोगी व्यायाम कोणता असं विचारलं तर बरेच फिजिओथेरपिस्ट खुर्चीतून उठून उभं राहण्याचं नाव घेतील. खुर्ची भिंतीला टेकवलेली, हात असलेली आणि न सरकणारी हवी. हलकी प्लॅस्टिकची नको. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, नाक पुढे बोटांच्या रेषेत आणायचं, मग उठायचं. दोन्ही पायांवर सारखं वजन येतंय का, हे समोर बसून कुणीतरी पाहायचं, कारण पेशंट नकळत सगळं वजन चांगल्या पायावर टाकतो. पाच वेळा, मग विश्रांती, पुन्हा पाच. आधी हाताचा आधार घेऊन, काही आठवड्यांनी आधार कमी करत.

त्यानंतर चालणं. इथं एक सोपी मोजणी करता येते. पॅसेजमध्ये दहा मीटर अंतर खडूने आखा, सोबत एक माणूस ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. दहा मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर ती चाल सध्या घरापुरती मानतात. साडेबारा सेकंदांच्या आत आली तर बाहेर, रस्त्यावर वावरण्याइतकी. मधल्या टप्प्यात सोबत कुणी असेल तर जवळपास जाता येतं. दर पंधरा दिवसांनी मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयवर आकडा लिहून ठेवला की सुधारणा डोळ्यांना दिसते. रोज पाहणाऱ्याला ती एरवी जाणवतच नाही.

काठी नेहमी चांगल्या हातात धरायची. बऱ्याच घरांत ती उलट्या हातात दिसते.

लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, किंवा लिफ्ट बंद पडलेल्या नव्या इमारतीत, जिना हा वेगळाच डोंगर. नियम छोटा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. घरच्या माणसाने दोन्ही वेळा खालच्या बाजूला उभं राहायचं.

घाम येईल इतका व्यायाम कधी?

बहुतेक घरं इथंच थांबतात. बाबा बाथरूमपर्यंत स्वतः जाऊ लागले, झालं. पण स्ट्रोकनंतर माणसाची दमछाक सहन करण्याची ताकद समवयस्कांच्या साधारण निम्म्यावर येते, आणि एका बाजूने ओढत चालण्याला साध्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे थोडं चाललं की दम, दम लागतो म्हणून चालणं कमी, आणि चालणं कमी म्हणून ताकद आणखी कमी. शिवाय एकदा स्ट्रोक आलेल्याला पुन्हा येण्याचा धोका असतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला औषधांच्या जोडीला हाच घामाचा व्यायाम लागतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये स्ट्रोक झालेल्यांसाठी व्यायामाचं प्रमाण सुचवलं. आठवड्यातून तीन ते पाच दिवस २० ते ६० मिनिटं चालणं किंवा सायकल, हवं तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून. आठवड्यातून दोन-तीन दिवस हलक्या वजनाचे ताकदीचे व्यायाम, एकेक हालचाल १० ते १५ वेळा. त्याच्या जोडीला ताणाचे आणि तोलाचे व्यायाम. हे पोहोचायचं ठिकाण आहे. सुरुवात पाच मिनिटांचीही असू शकते.

जोर किती लावायचा? नाडीचं गणित पुस्तकात असतं. पण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी सुरू असेल तर नाडी मुद्दामच हळू ठेवलेली असते आणि ते गणित फसतं. अशा वेळी बोलून बघणं बरं. चालताना दोन-तीन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवायला जागा आहे, आणि दोन शब्दांवर धाप लागत असेल तर जास्त होतंय. ज्यांना बोलण्याचाच त्रास आहे त्यांच्यासाठी शून्य ते दहा असा दमण्याचा तक्ता कागदावर काढून बोट ठेवायला सांगता येतं.

जिमला जायचं असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी आणि गरज असेल तर हृदयाची तपासणी. वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम उसळतो. म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा. याच कारणाने सुरुवातीच्या काळात शीर्षासन, श्वास कोंडून धरणारा प्राणायाम आणि जोरकस कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खुर्चीत बसून केलेली योगासनं आणि साधा दीर्घ श्वास चालतो.

व्यायामाआधी रक्तदाब मोजायची सवय असावी. बसल्या जागी वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

ज्यांना थांबवावं लागतं

सगळेच पेशंट आळस करतात असं नाही. काहींना उलट आवरावं लागतं. झिरोधाचे नितीन कामत यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सवर लिहिलं की साधारण सहा आठवड्यांपूर्वी त्यांना सौम्य स्ट्रोक येऊन गेला. वय ४४, फिटनेसबद्दल जाहीरपणे बोलणारा माणूस. वडिलांचं निधन, अपुरी झोप, थकवा, शरीरात पाणी कमी पडणं आणि अतिव्यायाम, यांपैकी काहीही कारण असू शकतं, असं त्यांनी म्हटलं होतं. चेहरा एका बाजूला बराच झुकला होता आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथून ते सावरत होते आणि पूर्ण बरं व्हायला तीन ते सहा महिने लागतील असा त्यांचा अंदाज होता. स्वतःची काळजी घेणाऱ्या माणसाला स्ट्रोक का यावा, यावर डॉक्टरांनी त्यांना कधी गिअर खाली आणायचा हेही कळायला हवं, असं सांगितलं.

'व्यायामामुळे स्ट्रोक येतो' असा अर्थ यातून काढू नये. नियमित व्यायामाने धोका कमीच होतो. पण आधीपासून धावणारा, जिम करणारा माणूस स्ट्रोकनंतर जुन्या आकड्यांकडे धावतो, आणि झोप अर्धवट असताना, पाणी कमी प्यायलेलं असताना स्वतःला ताणतो. अशा पेशंटसाठी आठवड्याला थोडीच वाढ, आणि वाईट झोपेच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी, हा नियम घरच्यांनीच लावून धरावा लागतो.

'त्यांची इच्छाच नाही'

घरच्यांची ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. बाबा टीव्हीसमोरून उठत नाहीत, चिडतात, रडतात. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. त्यात मेंदूला झालेल्या इजेचाही भाग असतो, नुसता स्वभावाचा नाही. त्याशिवाय एक विचित्र थकवा असतो, जो झोपूनही जात नाही. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या असतात. नैराश्यावर औषध आणि समुपदेशन मिळालं की व्यायामाची गाडी अनेकदा आपोआप हलते. थकव्यासाठी अंघोळ आणि व्यायाम लागोपाठ ठेवू नये, दोन्हींच्या मध्ये विश्रांती ठेवावी.

'तीन महिन्यांत झालं ते झालं, पुढे काही नाही' हे वाक्यही पेशंटसमोर बोलू नये, कारण ते खरं नाही. सुधारणेचा वेग तीन महिन्यांनंतर मंदावतो, पण थांबत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्ट्रोक येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण घेतले होते. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घालून ठेवला, म्हणजे कामं कमजोर हातानेच करावी लागतील. तो हात सुधारला, आणि फरक वर्षभरानंतरही टिकला. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असली पाहिजेत. हे घरी परस्पर करू नये, तोल जाऊ शकतो. पण आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारायला हरकत नाही.

व्यायाम करताना काहीतरी बिनसलं तर?

छातीत दुखणं, चक्कर, धडधड, एकदम जोराची डोकेदुखी यांपैकी काही झालं की लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. छातीतलं दुखणं थांबत नसेल किंवा डोकेदुखी आजवर कधीच झाली नव्हती इतकी असेल तर थेट रुग्णालय. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर तीही त्याच दिवशी दाखवायची, गुठळी असू शकते.

चेहरा पुन्हा वाकडा होणं, हात गळून पडणं, बोलणं अडखळणं, दृष्टी किंवा तोल अचानक जाणं, ही दुसऱ्या स्ट्रोकची लक्षणं आहेत. १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न तोच येतो. तोंडात पाणी, साखर किंवा कुणी सुचवलेली गोळी घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. शिवाय गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी रुग्णालयात जायचंच, तो मोठ्या स्ट्रोकआधीचा इशारा असू शकतो.

इंद्रलोकमधून बाहेर पडताना

घरातला पॅसेज जमला की पुढचा टप्पा सोसायटीचं आवार. फूटपाथवर स्कूटर आणि हातगाड्या असल्या की पेशंटला रस्त्यावर उतरावं लागतं, म्हणून पहिले काही आठवडे गेटच्या आत, सकाळी लवकर फिरणं बरं. वेग साडेबारा सेकंदांच्या आसपास आला की रिक्षाने जेसल पार्कच्या चौपाटीवर जाऊन खाडीच्या कडेने एक फेरी, दर थोड्या अंतरावर बसायची जागा हेरून ठेवून.

हात-पायाचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल, स्प्लिंट बनवून घ्यायचा असेल किंवा खासगी खर्च झेपत नसेल, तर मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून हेच काम करणारी. फिजिओथेरपी, हाताच्या कामांची थेरपी आणि कृत्रिम अवयव-स्प्लिंट एकाच ठिकाणी मिळतात. भाईंदरहून स्लो लोकलने महालक्ष्मी आणि तिथून टॅक्सी.

लोकलचा हा प्रवासही टप्प्याने करावा. पहिल्या वेळी दुपारी, गर्दी नसताना, सोबत एक जण घेऊन. कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, म्हणजे दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. तो डबा प्लॅटफॉर्मवर नेमका कुठं येतो ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. गाडी स्टेशनात थोडाच वेळ थांबते आणि तेवढ्यात धावत जाणं अजून जमणारं नसतं.